जाणवत नाही, तरीही...

गेल्या आठवड्यात भाचीचा पुण्याहून फोन आला. जावईबापूंचं डायलिसिस सुरू होऊन आता दीड वर्ष होईल. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. ही नोकरी सांभाळते, मुलाची शाळा सांभाळते आणि उरलेल्या वेळात दवाखान्याच्या बाकावर बसते. रडत नव्हती. अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, रोज प्रार्थना करते गं, पण काही जाणवतच नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. तू नेहमी म्हणतेस देव जवळ आहे. मग कुठे आहे?"

मी जन्मभर शाळेत शिकवलं. प्रश्न आला की उत्तर द्यायचं ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्या दिवशी मात्र जीभ अडखळली. म्हटलं, "थोडा वेळ दे मला." आठवडाभर विचार केला. ते विचार इथे मांडते आहे, तिला विचारूनच. ती म्हणाली, "लिही, माझ्यासारखे अजून असतील."

आधी, मी तिला काय सांगितलं नाही ते सांगते. आपल्या मंडळीत अशा वेळी तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. बोलणाऱ्यांचं मन चांगलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण ही तिन्ही वाक्यं मला आता पटत नाहीत.

पहिलं, "देवाची योजना चांगलीच असते." यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं ते वचन फुलांच्या चित्रावर छापून रोज सकाळी मोबाईलवर येतं. वचन खरं आहे, पण ते कोणाला लिहिलं होतं? इ.स.पू. ५९७ च्या सुमारास यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं ते वाक्य आहे. त्याच पत्रात त्याच्या अगदी अलीकडे लिहिलंय की सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. मग त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. 'उद्या सुटका होईल' असं सांगणारे संदेष्टे तिथेही होतेच, आणि यिर्मया त्यांनाच खोटं ठरवत होता! आपण मात्र सत्तर वर्षं कापून टाकतो आणि फुलांच्या चित्रावर फक्त आशा ठेवतो.

दुसरं, "सोसवेल तेवढंच देव देतो." हे पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून आलंय. पण तिथे विषय मोहाचा आणि मूर्तिपूजेचा आहे, आजारपणाचा नाही. आणि तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात कबूल करतो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याची आशाही सुटली. प्रेषिताला जे कबूल करायला लाज वाटली नाही, ते माझ्या भाचीने का लपवावं?

तिसरं वाक्य सगळ्यांत वाईट. "विश्वास कुठेतरी कमी पडतोय." इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांचा म्हणून आपण मुलांकडून पाठ करून घेतो. तो शेवटपर्यंत वाचावा. काहींनी विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केली, तलवारीच्या धारेपासून वाचले. आणि लगेच पुढे, काहींना दगडमार झाला, काहींना करवतीने चिरलं. हेही त्याच यादीत आहेत, त्याच विश्वासाचे म्हणून. सुटलेल्यांचा विश्वास जास्त आणि न सुटलेल्यांचा कमी, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

२०२१ साली ईस्टर ४ एप्रिलला होता. त्यानंतरच्या गुरुवारी ह्यांना ताप आला. पुढचं सगळं त्या दिवसांत घरोघरी घडलं तसंच. खाट मिळवण्यासाठी मुलाने रात्रभर फोन केले. खाट मिळाली. मला आत जायची परवानगी नव्हती, शिवाय माझी स्वतःची चाचणीही पॉझिटिव्ह. मी घरात एका खोलीत, हे दवाखान्यात. एका परिचारिकेने फोन त्यांच्या कानाला धरला तेव्हा आम्ही शेवटचं बोललो. बोललो म्हणजे मीच बोलले, पलीकडून फक्त यंत्राचा आवाज. दोन आठवड्यांत सगळं संपलं. दफनाला चार माणसं, तीही पांढऱ्या पोशाखात गुरफटलेली. ज्या माणसाने चाळीस वर्षं मंडळीत दुसऱ्यांच्या दफनविधीत गीतं म्हटली, त्याच्या कबरेवर एकही गीत झालं नाही.

महिनाभराने फोनवरच्या प्रार्थनासभेत एकजण मला धीर देताना म्हणाले, आपण सगळ्यांनी आणखी विश्वासाने मागायला हवं होतं. मी फोन बंद केला. त्यानंतर कितीतरी महिने मला प्रार्थना करता आली नाही. पवित्र शास्त्र उघडायचं, अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. तेविसावं स्तोत्र मला लहानपणापासून पाठ आहे. ते म्हणायला घ्यायचं आणि मधेच, मृत्यूच्या दरीपाशी आलं, की थांबायचं. त्या दरीत बरोबर कोणी आहे असं मला अजिबात वाटत नव्हतं.

म्हणून भाचीचा प्रश्न मला नवा नाही. माझाच आहे तो.

आता मला जे पटलंय ते सांगते. देवाचं जवळ असणं आणि ते आपल्याला जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो, आणि मग जाणवेनासं झालं की देवच गेला असं समजतो.

लूकच्या शुभवर्तमानात शेवटी अम्माऊसच्या वाटेची गोष्ट आहे. दोन शिष्य यरुशलेम सोडून निघालेत. ज्याच्यावर आशा ठेवली होती तो वधस्तंभावर मेला. वाटेत एक परका माणूस येऊन सोबत चालू लागतो. तो विचारतो, हे दोघं आपलं दुःख सांगतात, तो शास्त्र उलगडून दाखवतो, आणि कितीतरी मैल हे त्याला ओळखतच नाहीत. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो तेव्हा ओळख पटते, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. मग ते एकमेकांना म्हणतात की वाटेत तो बोलत होता तेव्हाच आपलं मन आतून पेटलं होतं. म्हणजे लक्षात आलं ते मागाहून!

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत कितीदा तरी सांगितली असेल. पण तिचा हा अर्थ सत्तरी जवळ आल्यावर कळला. ओळखता येत नव्हतं तेव्हा तो बरोबर चालत होता. त्यांची चूक काय होती? काही नाही. ते दुःखात होते, एवढंच. आणि ओळखलं नाही म्हणून तो त्यांच्यावर रुसून निघून गेला नाही.

दुसरी गोष्ट एलीयाची. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव काय करतो? उपदेश? विश्वासाबद्दल कानउघाडणी? काही नाही. त्याला झोपू देतो. दूत येऊन उठवतो, गरम भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवतो. तो खातो आणि परत झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, म्हणतो की वाट लांबची आहे. बोलणं फार पुढे, होरेब डोंगरावर, आणि तेही वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही, तर अगदी हळू आवाजात. आधी भाकर, मग झोप, मग बोलणं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी उपदेश, आणि भाकर... बघू.

माझ्या बाबतीत भाकर समोरच्या घरातून आली. त्या वहिनी आपल्या मंडळीच्या नाहीत, त्यांचा देव्हारा वेगळा. खोलीत बंद होते ते दिवस आणि त्यानंतरही कितीतरी दिवस, रोज दुपारी फाटकाच्या कडीला डबा लटकलेला असायचा. पोळी, भाजी, कधी मुगाची खिचडी. फाटक एकदा वाजवायचं आणि निघून जायचं. त्या काळात लोक एकमेकांच्या फाटकाला हात लावायलाही घाबरत होते, हे लक्षात घ्या. तेव्हा मला त्यात देव वगैरे काही दिसला नाही. दिसला तो डबा. मी तो उघडायचे, चार घास खायचे आणि पडून राहायचे. वर्षभराने एलीयाचा तो भाग वाचताना एकदम हात थांबला. म्हटलं, अगं बाई!

इथे कोणी म्हणेल, आणि माझ्या धाकट्या दिराने म्हटलंच, की वहिनी, हे शेजारणीचं चांगुलपण झालं. त्याला देवाचं नाव कशाला देता? आक्षेप रास्त आहे. चांगुलपण त्या वहिनींचंच. ते काढून घेऊन मला देवाच्या खात्यात जमा करायचं नाही. मी एवढंच म्हणते की देव जवळ येतो तो बहुधा असाच, कोणाचे तरी हातपाय वापरून. शब्द देह झाला असं मानणाऱ्यांना तरी यात नवल वाटू नये. आपला विश्वासच मुळी आकाशात राहिलेल्या देवावर नाही. गव्हाणीत जन्मलेल्या, घामाने भिजलेल्या, लाजराच्या कबरेपाशी रडलेल्या देवावर आहे.

त्या लाजराच्या गोष्टीतसुद्धा बघा. निरोप मिळूनही येशू दोन दिवस तिथेच थांबतो. बेथानीत पोहोचतो तेव्हा लाजर कबरेत जाऊन चार दिवस झालेले. मार्था सरळ सांगते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच ती! येशू तिला गप्प करत नाही. विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. पुढे तो स्वतःच रडतो. काही क्षणांत लाजराला उठवायचं आहे हे ठाऊक असूनही रडतो.

म्हणून मला असंही वाटतं की देवाशी भांडणं हा अविश्वास नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर असं की त्यात शेवटीसुद्धा उजेड नाही. सुरुवातीला देवाला हाक आहे, आणि संपतं ते अंधारावर. मी लहान असताना वडिलांना विचारलं होतं की हे असलं स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवलं कशाला? ते म्हणाले होते, कोणालातरी लागेल म्हणून. मला ते २०२१ मध्ये लागलं. अंधारातसुद्धा त्या माणसाने बोलणं सोडलेलं नाही, आणि बोलतोय तो देवाशीच. ज्याच्यावरचा विश्वास पार उडाला त्याच्याशी कोण भांडतं? भिंतीशी बोलल्यासारखं वाटत असूनही भाची रोज बोलते. माझ्या मते हाच विश्वास. आणखी वेगळा कुठून आणायचा?

आणि वधस्तंभावर खुद्द येशूने काय केलं? बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीचा प्रश्नच विचारला, तू मला का सोडलंस असा. त्या क्षणी त्याला पिता जवळ जाणवत नव्हता. ज्या जागी देव नाही असं वाटतं, त्या जागी देवाचा पुत्र स्वतः जाऊन आलेला आहे. माझा सगळा भरवसा शेवटी या एका गोष्टीवर उभा आहे. देव संकटं टाळतो यावर नाही. संकटातली कुठलीही खोली त्याला अनोळखी नाही यावर.

आपल्याच मातीतलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं. लहान वयात भुकेने आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला, पदरात मनोरमा तान्ही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग पुढे सगळं सुखाचं झालं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. त्यातूनच केडगावचं मुक्तिसदन वाढलं. भूक काय असते हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. आणि जिच्या भरवशावर पुढचं काम सोपवायचं, ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये छापून पूर्ण बाहेर आलं.

मुलगी गेल्यावर त्या आठ-नऊ महिन्यांत रमाबाईंना आत काय वाटत होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्यांच्या तोंडी काही घालणार नाही. मला दिसतं ते एवढंच की टेबलावरचे कागद पुढे सरकत राहिले. कधीकधी भरवसा म्हणजे एवढंच असतं. जाणवो न जाणवो, आजचं पान आज करायचं.

एक गोष्ट मात्र राहते, आणि ती मला टोचते. ज्यांच्या फाटकाला डबा आला नाही त्यांचं काय? त्या वर्षी अशी कितीतरी घरं असतील. त्यांना 'देव तुमच्याही जवळ होता' असं मी कुठल्या तोंडाने सांगू? याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पण अर्धं उत्तर आहे आणि ते आपल्या अंगावर येणारं आहे. देव जवळ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ते वाक्य दुसऱ्याला पटावं म्हणून आपल्याला उठून जावं लागतं. आपण नुसतंच वचन पाठवलं आणि घरी बसलो, तर आपणच ते वाक्य खोटं पाडतो.

ईयोबाचे तीन मित्र आपण नेहमी नावं ठेवायला वापरतो. पण त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. आल्यावर सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. बिघडलं ते तोंड उघडल्यावर! पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच. ज्याने देवाला जाब विचारला तो बरोबर, आणि ज्यांनी देवाची बाजू मांडली ते चूक. आपल्या प्रार्थनासभांनी हा शेवट भिंतीवर लिहून ठेवायला हवा.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुठे आहे ते मला बोटाने दाखवता येत नाही. जावईबापू बरे होतील असं वचन मी देत नाही, ते माझ्या हातात नाही. मूत्रपिंडासाठी नाव नोंदवलंय, नंबर यावा म्हणून मी रोज मागते आणि मागत राहीन. तुला काही जाणवत नाही याची अपराधी टोचणी मात्र लावून घेऊ नकोस. थकलेल्या माणसाला फारसं काही जाणवत नसतं, हे एलीयाला झोपू देणाऱ्या देवाला कळतं. प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तर भांड. भांडायलाही त्राण नसेल तर नुसती बस. तुझ्या वाटची प्रार्थना मंडळी करेल, त्यासाठीच ती असते. मी प्रार्थना करू शकत नव्हते तेव्हा माझ्यासाठी कोणीतरी करत होतं, हे मलाही उशिरा कळलं.

आज मी तेविसावं स्तोत्र पुन्हा शेवटपर्यंत म्हणते. दरीपाशी अजूनही आवाज थोडा हलतो. पण आता थांबत नाही.

आणि हो, येत्या गुरुवारी मी सकाळच्या एसटीने निघते आहे. त्यांचं डायलिसिस दुपारी असतं ना? चार तास त्या बाकावर दोघी बसू. मी काही बोलणार नाही, शपथ! त्यांचं पथ्य तुला ठाऊक, त्यांच्यासाठी काही आणत नाही. तुझ्यासाठी मात्र बाजरीची भाकरी आणि पिठलं घेऊन येते. आधी जेव. मग वाटलं तर बोलू.